रँडम नमुना कसा निवडायचा? सांगली-साताऱ्याच्या संशोधक विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत संख्याशास्त्र शिकवताना माझ्याकडे एकाच विषयावरचे प्रश्न दरवर्षी नव्याने येतात. मिरजेच्या नर्सिंगच्या मुली, कराडचे एम.एस.डब्ल्यू.चे विद्यार्थी, साताऱ्याहून एम.एड. करणारे शिक्षक, कृषी पदवीची मुलं, सगळ्यांचा अडथळा नमुना निवडीच्या, म्हणजे सगळ्यांना न विचारता त्यांच्यातले थोडे निवडण्याच्या, प्रकरणातच येतो. आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर असा क्रम आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, कुणालाही विचारलं म्हणजे रँडमच झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुम्ही सकाळी अकराला सांगली बसस्थानकावर उभं राहून पन्नास जणांना प्रश्न विचारले. त्या वेळी तिथे कोण असतं? कॉलेजची मुलं, मिरजेच्या दवाखान्यात निघालेले, बाजाराला आलेले. स्वतःच्या गाडीने फिरणारा तिथे येतच नाही. शेतात कामाला गेलेली बाई येत नाही. आणि आलेल्यांमधूनही तुम्ही निवांत दिसणाऱ्या, हसून बोलणाऱ्या माणसाकडेच वळता. घाईत असलेल्याला कुणी थांबवत नाही. निवड तुम्हीच केली, फक्त ती केल्याचं तुमच्या लक्षात आलं नाही.

रँडम नमुन्याच्या दोन अटी आहेत. ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा आहे, त्यातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची काही ना काही संधी हवी आणि ती किती आहे हे आकड्यात सांगता यायला हवं. दुसरं, नेमकं कोण निवडलं जाणार हे तुमच्या मनाने ठरता कामा नये, चिठ्ठीने किंवा आकड्याने ठरलं पाहिजे. पुस्तकातल्या ‘यादृच्छिक’ या शब्दात आपल्याला ‘इच्छा’ ऐकू येते आणि मनाला येईल तसं निवडणं असा अर्थ घेतला जातो. इथे इच्छेला जागाच नाही.

२. म्हणजे शितावरून भाताची परीक्षाच ना ही?

कल्पना तीच, पण ती म्हण कुठे लागू पडते ते बघा. एकाच पातेल्यातला तांदूळ एकाच जातीचा, एकाच वेळी टाकलेला आणि सारख्या पाण्यात शिजलेला असतो, म्हणून एक शीत दाबून कळतं. माणसं, शेतं, शाळा अशा एकजीव नसतात. त्यांच्यासाठी आमटीचं उदाहरण मला जास्त पटतं. मीठ बघायला पळीभर आमटी पुरते, पण आधी ती तळापासून ढवळावी लागते. समाज काही ढवळता येत नाही. तेव्हा आपण यादीत क्रमांक देऊन नावं ढवळतो.

आणि ढवळलेली आमटी वाटीभर असो की लग्नाच्या पातेल्यातली, चवीला पळी तेवढीच लागते. प्रश्न ६ मध्ये याचा उपयोग होईल.

३. समष्टी आणि नमुना चौकट यात फरक काय? गाइड म्हणतात ‘चौकट लिहा’.

ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते सगळे म्हणजे समष्टी. त्यांच्यापर्यंत पोचायला तुमच्या हातात जी यादी आहे ती चौकट. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत, आणि संशोधनातले बरेचसे दोष या फटीतून आत शिरतात.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या याद्या कोणत्या? घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. खातेदारांसाठी तलाठ्याकडचा ८-अ. प्रौढांसाठी मतदार यादी. मुलांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर किंवा अंगणवाडीची नोंद. यादी हातात आली की तीन प्रश्न विचारा: यात कोण नाही, कोण दोनदा आहे, आणि कोण नावापुरतं आहे?

खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. गावच्या मतदार यादीत त्यांची नावं सापडतील, पण दाराला कुलूप. माण-खटावची माणसं माथाडी कामासाठी मुंबईत आहेत. उलट बाजूला, गळीत हंगामात मराठवाड्यातून आलेले ऊसतोड मजूर कित्येक महिने आपल्या शिवारात कोप्या करून राहतात आणि इथल्या एकाही यादीत नसतात. ‘वाळवा तालुक्यातील बालकांचे लसीकरण’ असा विषय घेऊन तुम्ही फक्त अंगणवाडीच्या नोंदीतून मुलं निवडली, तर ज्या मुलांच्या लसी चुकण्याची भीती सर्वांत जास्त, तीच तुमच्या अभ्यासातून गळतात. अशा वेळी तोडणी टोळ्यांची स्वतंत्र यादी करून तो वेगळा स्तर धरावा (स्तर म्हणजे काय ते प्रश्न ८ मध्ये आहे). ते जमणार नसेल तर शीर्षकातच समष्टी आखडती घ्या: ‘अंगणवाडीत नोंद असलेली बालके’.

८-अ वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. खातेदार म्हणजे शेती करणारा असं नसतं. जमीन वडिलांच्या नावावर, कसणारा धाकटा मुलगा, किंवा बहिणींची नावं लागलेली आणि त्या सासरी. एकाच माणसाची दोन गावांत खाती असली तर त्याला निवडलं जाण्याची संधी दुप्पट होते. म्हणून यादी आधी साफ करायची आणि मग क्रमांक द्यायचे.

४. चिठ्ठ्या टाकून निवड केली तर चालेल का? की संगणकच हवा?

चालेल. ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढून होते, ती पद्धत शास्त्रशुद्धच आहे. अट एवढीच की चिठ्ठ्या एका मापाच्या, एकसारख्या घडीच्या आणि नीट मिसळलेल्या हव्यात. मिसळणं वाटतं तितकं सोपं नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीचा क्रम ठरवायला वर्षातल्या ३६६ तारखांच्या कुप्या काढल्या गेल्या. कुप्या महिन्यांच्या क्रमाने टाकल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या नव्हत्या. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या वाट्याला आधीचे क्रमांक जास्त आले, म्हणजे भरतीची पाळी आधी आली.

तीस-चाळीस नावांपुढे मी चिठ्ठ्यांचा सल्ला देत नाही. यादृच्छिक अंकांचे तक्ते आहेत. संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचा तक्ता छापला, तेव्हापासून ही सोय आहे. यादीत ४५० नावं असतील तर ००१ ते ४५० क्रमांक द्या, तक्त्यातले अंक तीन-तीनने वाचा, ०००, ४५० च्या वरचे आणि पुन्हा आलेले सोडून द्या.

एक्सेलमध्ये करणार असाल तर प्रत्येक नावापुढे ‘रँड’ हे सूत्र टाका, आलेले आकडे कॉपी करून फक्त किंमती म्हणून पेस्ट करा आणि त्या रकान्यावर यादी क्रमाने लावा. वरची हवी तेवढी नावं म्हणजे नमुना. किंमती म्हणून पेस्ट करायचं विसरलात तर शीटमध्ये कुठेही काही बदललं की आकडे बदलतात आणि कालचा नमुना आज सापडत नाही. दरवर्षी एखादी मुलगी याच कारणाने रडवेली होऊन येते.

५. दर दहावं घर घेतलं तर ते रँडम आहे का?

सुरुवात चिठ्ठीने ठरवली तर आहे. याला क्रमबद्ध नमुना म्हणतात. १,२०० घरांतून ६० हवी असतील तर अंतर २०. पहिलं घर १ ते २० मधून चिठ्ठीने निवडा, समजा १३ आलं, मग ३३, ५३, ७३ असं पुढे. ‘पहिल्या घरापासून सुरू करू’ असं तुम्हीच ठरवलं तर यादीतलं पहिलं घर कायम आत येतं, आणि गावाच्या यादीत सुरुवातीला कोणाची घरं असतात हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

धोका एकच, यादीला स्वतःची लय असली तर. विश्रामबागच्या अपार्टमेंटमध्ये मजल्यावर चार फ्लॅट आणि तुमचं अंतरही चार, तर प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यातला फ्लॅट येणार. अंतर आणि यादीची रचना एकदा ताडून बघा.

६. किती लोक घ्यायचे? दहा टक्के हा नियम आहे ना?

असा नियम संख्याशास्त्रात नाही. हा समज कुठून पसरला कोण जाणे, पण घट्ट बसला आहे.

नमुन्याची अचूकता मुख्यतः नमुन्यात किती जण आहेत यावर ठरते, समष्टीचा कितवा हिस्सा घेतला यावर फार थोडी. होय-नाही प्रकारच्या प्रश्नाला, ९५ टक्के विश्वासाने, १०० जणांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा साधारण १० टक्के इकडेतिकडे असते. ४०० जणांत ५ टक्के, १,६०० जणांत अडीच टक्के. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात.

पाच टक्के मर्यादेसाठी गणित ३८५ पर्यंत येतं. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती आणि सांगलीची २८,२२,१४३. दोन्हींसाठी उत्तर ३८५ च. दहा टक्के धरले असते तर प्रत्येकी जवळजवळ तीन लाख माणसं शोधावी लागली असती. उलट समष्टी फक्त १,००० ची असेल तर २७८ पुरतात, म्हणजे १०० घेणाऱ्याचं खूपच कमी पडतं.

शाळेतल्या चाळीस शिक्षकांचा अभ्यास असेल तर नमुना काढूच नका, चाळीसही जणांना भेटा.

७. यामाने किंवा स्लोविनचं सूत्र वापरलंय. व्हायव्हाला काही विचारतील का?

विचारायला हवं. समष्टीच्या संख्येला ‘१ अधिक समष्टी गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग’ याने भागायचं, हे ते सूत्र. १,००० साठी ५ टक्के चुकीने २८६ येतात. सूत्र वाईट नाही, पण त्याच्या पोटात तीन गृहीतकं आहेत: प्रश्न होय-नाही प्रकारचा आहे, ९५ टक्के विश्वास हवा आहे, आणि नमुना साधा रँडम आहे. तुम्ही सरासरी उत्पन्न मोजत असाल, दोन गटांची तुलना करत असाल किंवा गावं निवडून मग घरं निवडली असतील (प्रश्न १०), तर हा आकडा तुमचा नाही. आणि सोयीने जमवलेल्या लोकांना हे सूत्र लावणं म्हणजे जागेची माती न बघता इमारतीचा नकाशा काढण्यासारखं आहे.

आणखी एक: येणारी संख्या ही उत्तर देणाऱ्यांची आहे. शंभरातले ऐंशी जण उत्तर देतील असा अंदाज असेल तर ३८५ साठी ४८२ नावं काढून ठेवावी लागतात.

८. आमचा सातारा जिल्हा सगळाच वेगवेगळा. महाबळेश्वर आणि माण एकाच नमुन्यात कसे बसवायचे?

स्तर पाडून. एकीकडे महाबळेश्वर, जावळी, पाटणचा धो-धो पाऊस, दुसरीकडे माण-खटावचं दुष्काळी माळरान, मध्ये कराड-कोरेगावचा बागायती पट्टा. साध्या रँडम नमुन्यात योगायोगाने माणची माणसं फारच कमी येऊ शकतात. म्हणून आधी जिल्ह्याचे असे दोन-तीन पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यातून स्वतंत्र रँडम निवड करायची. हा स्तरित नमुना.

स्तर असा हवा की आतली माणसं तुमच्या विषयापुरती एकसारखी आणि दोन स्तर एकमेकांहून वेगळे असतील. तालुका हा स्तर नेहमी कामाचा असतो असं नाही. पाण्याचा प्रश्न असेल तर पाऊसमान बघा, शिक्षणाचा असेल तर शहर-खेडं बघा. नावापुरते स्तर पाडून प्रत्येकातून ‘भेटतील ते वीस’ घेतले तर तो कोटा नमुना होतो, स्तरित नाही. १९३४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ नेमान यांनी हाच फरक गणिताने दाखवला, तेव्हापासून मुद्दाम वेचलेला ‘प्रातिनिधिक’ नमुना मागे पडला.

९. प्रत्येक स्तरातून सारखेच शंभर घेतले. मग सगळ्यांची सरासरी काढली. बरोबर ना?

घेतलेत ते बरोबर, सरासरी चुकली. मानूया की एका भागात ८,००० बागायतदार आणि २,००० जिरायतदार आहेत. दोघांतून शंभर-शंभर घेतले. बागायतदारांचं सरासरी कर्ज १ लाख २० हजार, जिरायतदारांचं ४० हजार. दोनशे जणांची सरळ सरासरी ८० हजार येते. पण समष्टीत बागायतदार पाचांतले चार आहेत. त्यांना तेवढं वजन दिलं की सरासरी १ लाख ४ हजार येते. चोवीस हजारांचा फरक केवळ वजन न दिल्यामुळे. स्तरांची आपसात तुलना करायची असेल तर सारखी संख्या उत्तम, जिल्ह्याचा एकच आकडा सांगायचा असेल तर वजन द्यावंच लागतं.

१०. दोनशे गावं फिरणं शक्य नाही. वीस गावं निवडून प्रत्येकात वीस घरं घेतली तर?

बहुतेक मोठी सर्वेक्षणं अशीच होतात. आधी गावं, मग गावातली घरं. याला समूह किंवा बहुस्तरीय नमुना म्हणतात. भारतात याचा पाया प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी घातला. बंगालच्या ताग पिकावरच्या नमुना पाहण्यांनी सुरुवात झाली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण उभं राहिलं. त्यांचा जन्मदिवस २९ जून आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो.

पण इथे दोन गोष्टी कराव्याच लागतात.

पहिली, एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात. तेच पाणी, तीच शाळा, तोच साखर कारखाना. म्हणून विसाव्या घराकडून मिळणारी नवी माहिती पहिल्या घराइतकी नसते. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे तंतोतंत सारखं) अगदी थोडं, ०.०५ धरलं, तरी वीस घरांच्या समूहात ‘१ अधिक १९ गुणिले ०.०५’ म्हणजे १.९५ पट फुगवटा येतो. तुमची ४०० घरं साध्या रँडम नमुन्यातल्या २०५ घरांच्या तोलाची उरतात. म्हणून थोड्या गावांत खूप घरं घेण्यापेक्षा जास्त गावांत थोडी घरं घ्या. पायपीट वाढते, पण आकडा भरवशाचा होतो.

दुसरी, गावांची निवड. ५०० घरांचं गाव आणि ५० घरांची वाडी यांना चिठ्ठीत सारखीच संधी दिली आणि दोन्हींतून दहा-दहा घरं घेतली, तर वाडीतल्या घराला दहापट संधी मिळते. गावं घरांच्या प्रमाणात निवडली आणि मग प्रत्येकातून सारखी घरं घेतली की प्रत्येक घराची संधी सारखी होते. करायचं असं: गावांपुढे घरांची संख्या लिहा, वरून खाली बेरीज करत जा आणि त्या बेरजेतून रँडम आकडे काढा. आकडा ज्या गावाच्या पट्ट्यात पडेल ते गाव. शिराळ्यासारख्या तालुक्यात, जिथे वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत, हे टाळून चालतच नाही.

लसीकरणाच्या अभ्यासातली ३० समूह आणि प्रत्येकी ७ मुलं ही रीत नर्सिंगच्या विद्यार्थिनींना माहीत असते. त्यात गावाच्या मध्यावर बाटली फिरवून दिशा ठरवायचे. या पद्धतीत मध्यावरची घरं जास्त निवडली जातात, मळ्यातली वस्ती सुटते. घरांची यादी मिळत असेल तर बाटली फिरवू नका.

११. रँडम आकडे काढले तर तीन घरं एकाच गल्लीत आली. परत काढू का?

नाही. योगायोग एकसारखा पसरत नाही, त्यात गठ्ठे पडतातच. ‘बरा दिसेपर्यंत’ पुन्हा पुन्हा काढला की तो नमुना तुमच्या पसंतीचा झाला. पसरलेला नमुना हवा असेल तर आधीच स्तर पाडा (प्रश्न ८) किंवा गल्लीवार लावलेल्या यादीवर क्रमबद्ध निवड करा (प्रश्न ५). निवड झाल्यावर हात लावायचा नाही.

१२. निवडलेलं घर बंद होतं. शेजारचं घेतलं. चालेल ना?

हा प्रश्न आला की मला माझीच पहिली पाहणी आठवते. मिरज तालुक्यातल्या एका गावात मी विद्यार्थिनी म्हणून फिरत होते. दार बंद दिसलं की पुढचं दार. चार दिवसांत काम उरकलं आणि समाधानही वाटलं. नंतर व्यवसायांचा तक्ता मांडला तर त्यात म्हातारी माणसं आणि घरी असणाऱ्या बायकाच भरलेल्या. गावात निम्मी माणसं मजुरीला जाणारी, आणि माझ्या वहीत ती जवळपास नव्हतीच. बंद दार ही रिकामी जागा नसते, त्यामागे दिवसभर कामावर असलेलं घर असतं. मी ती सगळी घरं वगळून कामावर न जाणाऱ्यांचा अभ्यास केला होता. तो तक्ता मला टाकून द्यावा लागला.

तेव्हा शेजारचं घर घेऊ नका. त्याच घरी पुन्हा जा, वेगळ्या वेळी: सकाळी सातच्या आत, संध्याकाळी सातनंतर, बाजाराच्या किंवा सुट्टीच्या दिवशी. किमान तीन खेपा. तरी भेट झाली नाही तर ‘भेट नाही’ असं नोंदवा. नकार देणाऱ्याचीही नोंद करा, त्याच्यावर दडपण आणू नका. नाही म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. गळती होणार हे धरून जास्तीची नावं सुरुवातीलाच काढायची (प्रश्न ७), मागून बदली नाही.

१३. घर सापडलं. आता घरातल्या कोणाला विचारायचं?

तुमचा प्रश्न घराबद्दल असेल, उदाहरणार्थ संडास आहे का, नळ आहे का, तर कोणीही जाणता माणूस चालेल. मत किंवा सवय विचारायची असेल तर नाही. आपल्याकडे पाहुणा आला की कर्ता पुरुष पुढे बसतो आणि सून दाराआडून ऐकते. तुम्ही काही केलं नाही तर नमुन्यात सासरेच भरतील.

घरातल्या प्रौढांची नावं वयाप्रमाणे लिहून चिठ्ठीने एक निवडा. संख्याशास्त्रज्ञ किश यांचा १९४९ पासूनचा तक्ता याच कामासाठी आहे. ‘ज्यांचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्यांना बोलवा’ अशी सोपी युक्ती पुस्तकात दिसेल. ती आपल्या खेड्यात वापरू नका. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आहे. जून-जुलैमध्ये पाहणी केलीत तर सगळीकडे आजोबाच निवडले जातील.

१४. गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सहाशे उत्तरं आली! आता तर नमुना मोठा झाला ना?

मोठा झाला, रँडम झाला नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यातल्या सुमारे २४ लाख परत आल्या, आणि अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतली होती, म्हणजे मंदीच्या काळात त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतली माणसं. शिवाय ज्यांना तळमळ होती त्यांनीच उत्तर पाठवलं. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता.

तुमच्या फॉर्मलाही हीच दोन दुखणी आहेत: ग्रुपमध्ये कोण आहे आणि भरायला कोण बसतं. सहाशेचे सहा हजार झाले तरी ती बरी होत नाहीत. फॉर्म वापरायचाच असेल तर कॉलेजच्या पटावरून रँडम नावं काढा, त्यांनाच लिंक पाठवा आणि न भरणाऱ्यांचा पाठपुरावा करा.

१५. पीक विम्यासाठी कापणी प्रयोग होतात त्यातही रँडम निवड असते का? आमच्याकडे म्हणतात ‘चांगलंच रान बघून कापतात’.

नियमाप्रमाणे असते आणि दोनदा असते. आधी गट क्रमांक रँडम आकड्याने निवडायचा. मग त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबी आणि रुंदीच्या दिशेने रँडम आकड्याइतकी पावलं टाकून खुंटी ठोकायची आणि ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा. पावलं मोजत जिथे पोचाल तिथलं पीक कापायचं, ते जोमदार असो की वाळलेलं. कुणी चांगला भाग बघून चौकोन सरकवला तर महसूल मंडळाचं उत्पादन कागदावर वाढतं आणि भरपाई शेतकऱ्याच्या हातून जाते. खराब भाग बघून सरकवला तर उलटं. म्हणून प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्याने हजर राहावं, आकडे कोणते आले ते विचारावं आणि पावलं मोजताना सोबत चालावं.

या पद्धतीला शास्त्रीय रूप देणारा माणूस आपल्याच सातारा जिल्ह्यातला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी झाला. पुण्यात फर्ग्युसनला शिकून ते लंडनला गेले आणि परत आल्यावर कृषी संशोधन परिषदेत देशभरच्या पीक पाहण्यांची घडी बसवली. चौकोन किती मोठा असावा यावर त्यांचा आणि महालनोबिस यांचा गाजलेला मतभेद होता. महालनोबिस छोट्या गोल वाफ्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी प्रयोगांतून दाखवलं की वाफा लहान असला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. रेषेवरचं धाट आत घ्यायचं की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हातात राहतो, आणि वाफा जितका लहान तितकी आतल्या पिकाच्या मानाने कड मोठी. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. शेत रँडम निवडलं, जागा रँडम निवडली, तरी शेवटच्या वीतभर रेषेवर माणसाची पसंती पुन्हा आत शिरली.

कृषीच्या विद्यार्थ्यांना ‘पानसे-सुखात्मे’ हे संख्याशास्त्राच्या पुस्तकावरचं नाव पाठ असतं. त्यातले सुखात्मे हेच.

१६. माती परीक्षणाला नागमोडी चालत नमुने घेतो. तो रँडम धरायचा का?

काटेकोर अर्थाने नाही, कारण वळणं तुम्ही ठरवता. पण शेतभर पसरून घेतलेल्या, बांध, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळून काढलेल्या मातीचा हेतू वेगळा आहे. सगळे नमुने एकत्र कालवून, चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवायचा, म्हणजे शेताची सरासरी कळते. खताची मात्रा ठरवायला तेवढं पुरतं. शेतात कुठे किती फरक आहे ते मात्र कालवल्यावर कळत नाही. प्रबंधासाठी तो फरक मोजायचा असेल तर प्रश्न १५ मधल्या पावलांच्या पद्धतीने ठिकाणं निवडा आणि प्रत्येक नमुना वेगळा तपासा.

१७. आमचा विषय सांगली शहरातल्या घरकाम करणाऱ्या बायका. यादीच नाही. काय करू?

एका ताईंकडून दुसरीची ओळख काढत जाणं हाच मार्ग बहुतेक जण धरतात. तो वाईट नाही, फक्त रँडम नाही. एकमेकींना ओळखणाऱ्या, एकाच वस्तीतल्या बायका येतात. एकटी, नव्याने आलेली बाई सुटते.

यादी माणसांची नसली तरी जागांची करता येते. शहरातल्या वस्त्यांची यादी करा, त्यातून काही वस्त्या रँडम निवडा आणि त्या वस्तीत घरोघर फिरून घरकाम करणाऱ्यांची यादी तुम्हीच तयार करा. वेळखाऊ आहे, पण दोघी-तिघींच्या गटाला जमतं. नाही जमलं तर ओळखीच्या साखळीने मुलाखती घ्या, त्यांचं जगणं खोलात जाऊन मांडा आणि टक्केवारी सांगू नका.

१८. हळदीच्या दोन खतांची तुलना करतोय, वाफे रँडम लावलेत. मग आमचा नमुना रँडम झाला ना?

ती रँडम वाटणी, रँडम निवड नव्हे. वाटणीमुळे ‘फरक खतामुळेच पडला’ असं म्हणता येतं. निवडीमुळे ‘हे सगळ्या जिल्ह्याला लागू आहे’ असं म्हणता येतं. कसबे डिग्रजच्या एका रानातला प्रयोग उत्तम झाला तरी जतच्या माळाबद्दल तो आपोआप काही सांगत नाही.

१९. नमुना सोयीचा आहे, पण टी-टेस्ट लावली आणि पी ०.०५ पेक्षा कमी आला. निष्कर्ष लिहू?

पी हा आकडा फक्त योगायोगाने येणाऱ्या चुकीबद्दल बोलतो. निवडीतच कल असेल तर त्याबद्दल तो गप्प असतो. ‘आमच्या नमुन्यात असा फरक दिसला’ एवढं लिहा, ‘सांगली जिल्ह्यातील महिलांमध्ये’ असं नको. सोयीचा नमुना सोयीचा म्हणून लिहिला तर मला त्यात काही गैर वाटत नाही. खोटा ‘रँडम’ शब्द मात्र वाचणाऱ्याची दिशाभूल करतो, आणि उद्या त्यावर कुणी योजना आखली तर त्याचे चटके त्या बायकांनाच बसतात.

२०. मग प्रबंधात नेमकं काय लिहायचं? ‘रँडम सॅम्पलिंग पद्धत वापरली’ एवढं पुरे ना?

पुरत नाही. वाचणाऱ्याला तुमची निवड पुन्हा करून बघता आली पाहिजे. नमुन्यादाखल एक परिच्छेद देते. आकडे कल्पित आहेत, तुमचे घाला:

‘तालुक्यातील गावांमधून घरांच्या प्रमाणात २५ गावे निवडली. प्रत्येक गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून दुबार नोंदी वगळून घरांची यादी केली व एक्सेलमधील यादृच्छिक आकड्यांनी २० घरे काढली. एकूण ५०० घरांपैकी ४१२ घरांत मुलाखत झाली. ५३ घरे तीन खेपांनंतरही बंद होती, ३५ घरांनी नकार दिला. बंद घरांपैकी बहुसंख्य घरांतील व्यक्ती स्थलांतरित असल्याचे शेजाऱ्यांकडून कळले, त्यामुळे स्थलांतरित कुटुंबांबाबत हे निष्कर्ष लागू धरू नयेत. ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या वस्त्या यादीत समाविष्ट नव्हत्या.’

निवडलेल्या क्रमांकांची मूळ यादी परिशिष्टात जोडा, नावं काढून टाकून.